सरांनी देऊन टाकलेलं रान

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीमागे फियोर्डलँड होतं. टाकी गळायची, भिंतीला बारा महिने शेवाळ असायचं, आणि मे महिन्यातही तिथे पाय ओले व्हायचे. वर्गात दंगा करणाऱ्याला भूगोलाचे सर कधी मारत नसत. "जा, फियोर्डलँडला जाऊन उभा राहा," एवढंच म्हणत. मुलगा दहा मिनिटं टाकीमागे उभा राहून परत आला की दारातच प्रश्न यायचा, "पाऊस किती?" त्यावर "वर्षाला सात मीटर, सर," असं उत्तर दिलं की शिक्षा संपली. फाटकाजवळ खाणीच्या ट्रकांनी सांडलेल्या लाल मातीचा ढीग साचला होता, तो टोंगारिरो. झेंड्याच्या खांबाभोवती सरांनी दोरीने आखलेलं फुलझाडांचं वर्तुळ होतं, ते तारानाकी. न्यूझीलंडमधल्या खऱ्या तारानाकी डोंगराभोवतीही तिथल्या सरकारने नकाशावर असंच वर्तुळ काढलं होतं. आतलं रान राखलं गेलं, बाहेर गाईंची कुरणं झाली, आणि आज विमानातूनसुद्धा तो गडद हिरवा गोल दिसतो. आमच्या गोलात कोणी पाय ठेवला तर सर काही बोलत नसत, फक्त त्याच्या पायाकडे बघत राहत. पाय आपोआप मागे यायचा.

मुलांनो, मागच्या महिन्यात तुम्ही दोघं टोंगारिरोला जाऊन आलात, आणि फोनवर मी बाकीच्या दोन ज्वालामुखींची नावं सांगितली तेव्हा धाकटी म्हणाली, "आजी, तुला कसं माहीत?" फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल. मध्येमध्ये आपल्या गावची बोली येईल, तिथे त्याला थांबवा आणि अर्थ विचारा. तो विसरला असेल तर मला कळवा.

डिचोलीच्या त्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. सर माझ्यानंतर दोन वर्षांनी आले. ते पेडण्याकडचे, माझं माहेर मांद्रे, त्यामुळे बोलण्याची ढब आमची एक. उंच, किडकिडीत, लग्न न केलेले, एका विधवा बहिणीबरोबर राहणारे. गोव्याबाहेर त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण त्यांच्या पेडण्याच्या घराशेजारी एक तारवटी राहायचा, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. तो न्यूझीलंडहून मांस आणणाऱ्या बोटीवर होता. त्याने एकदा तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचं एक चित्रांचं पुस्तक आणून सरांना दिलं, आणि सरांचं आयुष्य त्या पुस्तकाने धरून ठेवलं.

सर मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजी वाचायचे, पण अडखळत. म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पुस्तक घेऊन माझ्याकडे यायचे. एका शनिवारी एक पान. मला पुढे वाचायचा मोह व्हायचा, तर पुस्तक मिटून घ्यायचे.

"बाई, एका दमात बेटं बघायची नसतात."

साडेदहाच्या सुट्टीत ते एक उंडो घ्यायचे. उंडो म्हणजे पदेर, आमचा पाववाला, भाजतो तो गोल, कडक पाव. त्याचे दोन तुकडे करायचे, एक जरा लहान. लहान ते उत्तर बेट, चहात बुडवून खायचं. मोठं ते दक्षिण बेट, कोरडंच. मधल्या जागेत बशीवर कण पडले तर ती छोटी बेटं, ती शेवटी. आमचे गणिताचे सर त्यांना रोज छेडायचे.

"सर, एकदा शिरगावच्या जत्रेला तरी चला. न्यूझीलंडपेक्षा जवळ आहे."

"तिथे गर्दी असते."

"मग जा ना तिकडे! गर्दी नसलेलं उद्यान तुमच्या डोक्यातच आहे, तिकीटसुद्धा लागत नाही."

सगळे हसायचे, सरही. मग शांतपणे दक्षिण बेट संपवायचे.

नववीच्या मुलांना ते दर वर्षी ताकाहे नावाच्या पक्ष्याची गोष्ट सांगत. निळाहिरवा, लाल चोचीचा, उडता न येणारा. पन्नास वर्षं कोणाला दिसला नाही म्हणून तो संपला असं सगळ्यांनी मानलं होतं. मग फियोर्डलँडच्या डोंगरात एका डॉक्टरला तो सापडला. इथे सर थांबायचे आणि बोट वर करायचे. "डॉक्टर रजेवर होता. म्हणून सापडला." त्यानंतरच्या रविवारी ते मुलांना घेऊन रान बघायला निघायचे. त्यांचा एक नियम होता. सीमा आखायची असेल तर आधी ती चालायची. मुलं पावलं मोजत, सर वहीत लिहीत, आणि संध्याकाळी फळ्यावर नकाशा तयार व्हायचा.

असेच एकदा ते आपल्या गावच्या राखणदाराच्या रानात आले. तुमच्या आजोबांच्या गावचं ते रान, म्हणजे तुमचंही. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. त्याला देऊळ नाही, मोकळ्या जागेत एक उभा दगड आहे, आणि भोवती रान. आत अनवाणी जायचं. कोयता न्यायचा नाही. वाळकी काटकीसुद्धा उचलून घरी आणायची नाही. वर्षातून एक दिवस, माघात, गावचे पुरुष आत जाऊन रोट भाजतात. तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं, सगळं मळून, पानांत गुंडाळून, निखाऱ्यांत पुरलेली ती जाड भाकरी. दगडासमोर ठेवायची आणि मग घरोघर एकेक तुकडा. तो रोट घरी करत नाहीत, दुसऱ्या कुठल्या आगीवर करत नाहीत. बायका सीमेवरच्या दगडांपाशी थांबतात. मी पंचवीस वर्षं तिथे थांबले आहे.

सर त्या दिवशी रानातून बाहेर आले. चपला हातातच धरून बसस्टॉपपर्यंत चालत गेले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

रानापलीकडच्या डोंगरावर खाण होती. खाणीच्या मालकांना ट्रकांसाठी जवळचा रस्ता हवा होता, आणि जवळचा रस्ता रानातून जात होता. रान गावातल्या बारा घराण्यांच्या नावावर. त्यांतली तीन घराणी आपला वाटा सोडायला तयार झाली. त्यांनाही दोष देत नाही, घरातली मुलं त्याच खाणीवर कामाला होती. पण तीन वाटे गेले की रस्ता होणार, आणि रस्ता झाला की रान उरणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. काय करायचं ते मात्र कोणाला सुचत नव्हतं.

सरांना सुचलं. बोलावणं नसताना ते देवळातल्या सभेला आले आणि टोंगारिरोची गोष्ट सांगू लागले. तिथल्या माओरी लोकांचे ते पवित्र डोंगर. इंग्रजांची कोर्टं जमिनीची वाटणी करत होती. आज ना उद्या डोंगराचे तुकडे पडून एकेक विकला जाणार, हे तिथल्या प्रमुखाने ओळखलं. मग त्याने डोंगरांची शिखरं राणीला देऊन टाकली, कोणाला तुकडा पाडता येऊ नये म्हणून. त्यातून त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

"आणि त्याका बदल्यांत कितें मेळ्ळें, मास्तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"काही नाही. दान होतं ते."

"मगे पिसो आसतलो!"

त्या प्रमुखाला वेडा ठरवून सभा हसली. गावकार आबा हसले नाहीत. ते बारा घराण्यांत सगळ्यांत मोठे, देवासमोर गावाच्या वतीने बोलण्याचा मान त्यांचा. ते म्हणाले, "पिसो न्हय रे तो. तुकडे केल्यार डोंगर डोंगर उरना." मग सरांकडे वळले. "सरकाराक दिवंया म्हणता तुमी. पूण रोट? मांडवाचो बांबू? झरीचें उदक?"

"सगळं राहील, आबा."

"सांगून दवरात तर."

"सांगून ठेवतो."

बाराही घराणी तयार झाली. त्या तिघांनीसुद्धा शेवटी मान हलवली.

अर्ज सरांनी लिहिला, मराठीत, सुंदर अक्षरात. सोबत पावलं मोजून काढलेला नकाशा. त्याचं इंग्रजी करून शाळेच्या टाइपरायटरवर मी टाइप केलं. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले.

"सर, अटी राहिल्या. रोट, बांबू, पाणी."

"त्या घालायच्या नाहीत, बाई."

"का?"

"अट घातली की तो सौदा झाला. सौदा करायला खाणवाले आहेतच. त्या प्रमुखाने अट घातली होती का? पुस्तकात आहे का कुठे? आणि सह्यांना सरकारचे साहेब येणार आहेत, आबा गाऱ्हाणं घालणार आहेत, देवासमोर सगळं बोललं जाणार आहे. आणखी काय पाहिजे?"

माझं मन म्हणत होतं की लिहावं. मी नीटनेटकी बाई, भाजीची यादीसुद्धा तारीख घालून करणारी. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मला मोडवलं नाही. मी कागद यंत्रातून काढला आणि त्यांच्या हातात दिला. मुलांनो, ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनासुद्धा कधी सांगितली नाही.

सह्या करण्यासाठी एक सरकारी अधिकारी गावात आले. दक्षिणेकडच्या राज्यातले, तरुण, मनाने चांगले. त्यांनी बूट सीमेवर काढले, तिथेच गावाला ते आवडले. दगडासमोर आबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगितलेलं गावाचं म्हणणं. एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव होकार देतो.

"हे बारा घराण्यांच्या राखणदारा! हें तुजें रान आज सरकाराच्या हातांत राखूंक दितां!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साक एक दीस तुजो रोट तुज्या सावळेंत भाजूंक मेळूं!"

"व्हय म्हाराजा!"

"मांडवाक बांबू मेळूं, झरीचें उदक कोणाक आडूं नये!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या शेवटच्या होकारात अधिकाऱ्यांचाही आवाज होता. हात जोडून, डोळे मिटून, स्पष्ट. आम्ही बायकांनी सीमेवरून ऐकला. गावात महिनाभर तीच चर्चा, "सायबानूय व्हय म्हाराजा म्हळां!" देवासमोर दिलेल्या शब्दावर कागदाची काय मातब्बरी? करार झाला, असं प्रत्येकाने धरलं. सरांनीही. मला वाटतं, टोचणी फक्त माझ्या मनात होती, आणि तीही हळूहळू गेली.

रान वाचलं. रस्ता दुसरीकडून गेला. डोंगरावर खाणीने पार सीमेच्या दगडांपर्यंत माती कापली आणि तिथे थांबली. सीमेवर उभं राहिलं की डाव्या हाताला लाल कडा आणि उजव्या हाताला रान, असं दिसायचं. गावाने सरांना शाल-श्रीफळ दिलं. शाल त्यांनी बहिणीला दिली, नारळ रानात नेऊन ठेवला. कित्येक वर्षं रोट झाला, कोणी अडवलं नाही. ते अधिकारी बदलून गेले, त्यांच्या जागी आलेले त्यांच्यासारखेच वागले. सर निवृत्त झाले. मीही झाले.

मग दुसऱ्या कुठल्याशा रानात उन्हाळ्यात मोठी आग लागली, आणि राखीव रानांत कोणीही, कशासाठीही आग पेटवू नये असा नियम आला. आपल्या रानाला जाळी लागली, फाटक लागलं, पाटी लागली. गावाने ती वाचली, पण ती लाकूडतोड्यांसाठी आहे असं धरलं. माघात लोक नेहमीसारखे टोपल्या घेऊन गेले. फाटकाला कुलूप होतं. राखणीला कोल्हापूरकडचा एक शिपाई होता.

"आबा, माझ्या हातात नाही हो. आत आग पेटवली तर माझी नोकरी जाईल बघा."

"आमचो हक्क आसा."

"असंल. मी नाही म्हणत नाही. कागद दाखवा, लगेच कुलूप काढतो."

आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांचा चेहरा उजळला. "कागद आसा. मास्तरांकडे आसा." आणि मागे वळून त्यांनी सरांना हाक मारली.

सर दर रोटाला पेडण्याहून यायचे, बगलेत ती फाइल घेऊन. का आणायचे कोण जाणे. त्यांनी फाइल उघडली, अर्जाची प्रत काढली आणि सगळ्यांसमोर वाचायला लागले. इंग्रजी एकेक वाक्य वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, अगदी वर्गात सांगावा तसा. शिपायानेसुद्धा टोपी काढून ऐकलं. शेवटच्या सहीपर्यंत आल्यावर त्यांनी कागद खाली केला.

"ह्यात नाही," ते म्हणाले. "रोट नाही, बांबू नाही, पाणी नाही. मी घातलं नाही. माझी चूक."

मी टाइप केलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. तिथे नाही, नंतरही कोणाला नाही. मी दगडापाशी बायकांत उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

कोणीतरी ओरडलं, "तुमच्या न्यूझीलंडान आमकां बुडयले, मास्तर!" आबांनी त्याला हाताने गप्प केलं. ते सरांजवळ आले आणि हलक्या आवाजात बोलले. मला ऐकू आलं कारण बाकी सगळं शांत झालं होतं.

"रान आमचें न्हयच, मास्तर. राखणदाराचें. दिवपी आमी कोण आनी घेवपी ते कोण? आमी फकत राखूंक सांगिल्लें."

मग त्यांनी फाटकाशी नारळ ठेवला आणि गाव परतला. टोपल्यांतलं पीठ तसंच घरी आलं. त्याचं काय करायचं ते कोणाला कळेना. घरच्या चुलीवर तो रोट करायचा नसतो. शेवटी ओहोळात सोडलं.

त्यानंतर सरांना कोणी वाईट बोललं असं नाही. बोलेनासेच झाले. सरांनी मात्र अर्ज करायला सुरुवात केली. या कचेरीतून त्या कचेरीत, छत्री आणि फाइल घेऊन, बसने. प्रत्येक अर्जाचं इंग्रजी मी करायचे. तीन अटी मी पहिल्याच परिच्छेदात घालायचे. उत्तर येई ते एकच, मूळ दस्तात अशा अटींचा उल्लेख नाही. माघ यायचा, फाटकाशी नारळ ठेवला जायचा. सर लांब, वळणावरच्या आंब्याखाली उभे राहायचे, जवळ येत नसत.

याच काळात मी न्यूझीलंडला तुमच्याकडे आले होते. मोठ्याला आठवत असेल. बाबाने आपल्याला टोंगारिरोला नेलं होतं, तुम्ही बर्फात खेळत होता आणि मी माहिती केंद्रात भिंतीवरचे फलक वाचत होते. मला वाटलं होतं, सरांची गोष्ट तिथे चित्रांसकट मिळेल. मिळालीही, पण पुढेही काही होतं. त्या प्रमुखाचे वंशज म्हणतात, आमच्या पूर्वजाने डोंगर देऊन टाकले नव्हते. दोघांनी मिळून राखू या, असं त्याने म्हटलं होतं, आणि सरकारने कागदावर फक्त दान लिहिलं. सव्वाशे वर्षांनी तिथल्या एका न्यायमंडळाने त्यांचं म्हणणं बरोबर ठरवलं. त्याच देशात दुसऱ्या एका रानाचं तर राष्ट्रीय उद्यानपणच काढून घेतलं आहे. ते आता कोणाच्याच मालकीचं नाही, कायद्याने स्वतःचं स्वतः आहे. मी तिथल्या बाकावर बसले ती बराच वेळ उठले नाही. तुम्ही येऊन माझा हात ओढलात.

परत आल्यावर हे सरांना सांगायचं की नाही, यावर मी पंधरा दिवस घालवले. ज्या गोष्टीवर माणसाने आयुष्य उभं केलं ती अर्धीच होती, हे म्हातारपणी कशाला सांगायचं? पण एकदा गप्प बसून मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. पेडण्याला गेले आणि सांगितलं, फलकावरून उतरवून आणलेलं वाक्यन् वाक्य.

सरांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, कोसळतील. पण त्यांनी मलाच विचारलं.

"मग ते लोक एवढी वर्षं काय करत होते?"

"सांगत होते. परत परत. आजोबाने सांगितलं, मुलाने सांगितलं, नातवाने सांगितलं."

"सव्वाशे वर्षं?"

"हो."

"मग आपल्याला फार उशीर झाला नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी बहिणीला चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद शोधायचा सोडून माणूस शोधायला घेतला. तो दक्षिणेकडचा अधिकारी. निवृत्त होऊन धारवाडला राहतो असं कळलं. सर तेव्हा पंच्याहत्तरीचे, आणि आयुष्यात पहिल्यांदा घाट चढणार होते. त्यांच्याबरोबर मी गेले. बसमध्ये त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. फाइल मांडीवर, दोन्ही हात फाइलीवर.

अधिकारी आता म्हातारे झाले होते, बागेत पाणी घालत होते. त्यांनी रान ओळखलं, राखणदार ओळखला, अनवाणी चाललेलं ओळखलं.

"त्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर एक शब्द बोललात," सर हिंदीत म्हणाले.

"हो, आठवतो. काय होता तो?"

"व्हय म्हाराजा."

"बरोबर! त्याचा अर्थ काय?"

सरांनी अर्थ सांगितला, आणि त्याआधी आबांनी काय काय म्हटलं होतं तेही, एकेक. साहेब हसत होते ते हळूहळू थांबले.

"मला वाटलं आरतीसारखं काहीतरी आहे. सगळे म्हणाले, म्हणून मीही म्हणालो. मला तुमची भाषा येत नव्हती."

मी सरांकडे पाहिलं. आता एक वाक्य हवं होतं, की साहेबांनी अटी कबूल केल्या होत्या. इतकंच लिहून मागायचं. समोरचा माणूस भिडस्त होता, त्याने दिलंही असतं.

"तर मग तसंच लिहा," सर म्हणाले. "कळलं नव्हतं, असं लिहा. खोटं नको. एकदा अर्धा कागद झालाय, आता दुसरा नको."

साहेबांच्या बायकोने आणलेली कॉफी निवून गेली. मग ते म्हणाले, "कळलं नव्हतं. पण म्हटलं होतं, आणि तुमच्या देवासमोर म्हटलं होतं. आता कळलंय, तरी मी ते मागे घेत नाही. सगळं लिहितो."

त्यांनी तसंच लिहिलं, सही केली, नोटरीकडे स्वतः आले.

त्या कागदावर पुढे दीड वर्ष गेलं, पण काम झालं. वर्षातून एक दिवस, ठरलेल्या मोकळ्या जागी, सरकारी माणसांच्या देखरेखीखाली आग. मांडवापुरता बांबू. झरीचं पाणी सर्वांना खुलं. पत्र आलं तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. मी पेडण्याला जाऊन त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं, सावकाश.

त्या माघात कुलूप उघडलं. नारळ आठ वर्षं बाहेर ठेवला होता, तो पहिल्यांदा आत गेला. गावची तरुण मुलं टोपल्या घेऊन गेली आणि आम्ही बायका दगडांपाशी थांबलो. धूर झाडांतून वर येताना दिसला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी रडत होती. दुपारी रोट बाहेर आला, वाटला गेला. माझा तुकडा मी खाल्ला नाही. पानात गुंडाळला आणि पेडण्याची बस धरली.

सरांना उशी लावून बसवलं. मी पान उघडलं. रोट वरून करपून काळा झाला होता. मोडला तर आत पीठ कच्चं, ओलं. आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांच्याबरोबर भाजणारे दोघेही गेले होते. मागे राहिलेल्यांनी रोट जन्मभर खाल्ला होता, निखाऱ्यांत पुरला कोणीच नव्हता.

सरांनी एक घास घेतला. त्यांना तो चावता येईना. बहीण म्हणाली, "कच्चो आसा रे तो. पोटाक बादतलो. दवर."

त्यांनी पान तिच्या हातापासून बाजूला घेतलं.

"असू दे," ते म्हणाले. "ह्यातली आठ वर्षं माझी आहेत."

मग त्यांनी तो सगळा खाल्ला, सावकाश, पानाला चिकटलेलं ओलं पीठसुद्धा बोटाने निपटून.